चौपन्न किलो केळी

मिलिंद,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. सव्वादोन तास चालली. तेवढ्या वेळात तू पंधराशे मीटरची शर्यत वीस-बावीस वेळा पळून आला असतास. सात जण बोलले आणि सातही जणांनी तुला आपणच घडवलं असं सांगितलं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. ते अर्ध्या मिनिटात आटोपलं, कारण संस्थेच्या अध्यक्षांच्या खिशातला फोन वाजला आणि त्यांनी तो घेतला. फोन संपल्यावर ते तुझ्या अढळ स्मृतीविषयी बोलले. त्या स्मृतीत तुझं आडनाव दोनदा चुकलं.

तुझी अक्का पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. हट्ट्याहून सकाळच्या गाडीनं आली होती. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्याचं कारण फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. तिनं तुला दिलेली किडनी कशानं गेली, हे तिला कधी सांगायचं नाही, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. पाच वर्षं मी ते पाळलं. ती पाच वर्षं तिनं काय समजून काढली, हे तूही बघत होतास आणि मीही. त्यावरून आपण किती वेळा भांडलो! तू गेलास आणि भांडण अर्धवट राहिलं. तुझी बाजू आता मलाच मांडावी लागते, आणि खरं सांगू, ती मला कधीच नीट मांडता आली नाही.

तू आमच्या आखाडा बाळापूरच्या शाळेत पीटीचा मास्तर म्हणून आलास तेव्हा मी तुला गंभीरपणे घेतलं नव्हतं. मराठी शिकवणारे लोक पीटीच्या मास्तराला घेत नाहीत. तू पहाटे कळमनुरीच्या रस्त्यानं पळायचास आणि मी दूध आणायला जाताना तुला म्हणायचो, "कोणी मागं लागलं का रे?" तू न थांबता म्हणायचास, "सर, कोणी मागं लागायच्या आधीच पळावं लागतंय." मग एका वर्षी तू पळायचा थांबलास. चेहरा सुजला, रक्तदाब वाढला. तुझं लग्न ठरत होतं, ते मोडलं. दोन्ही किडन्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, "माझ्या दोन हायती ना? मंग रडता काहून?" आईबाप गेल्यावर लोकांच्या रानात निंदणी-खुरपणी करून तिनंच तुला शिकवलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात तिच्या सासरच्यांनी कागदावर सही करायला कुरकुर केली, तेव्हा तिनं नवऱ्याला सुनावलं, "तुमची मागून नाही राहिले. माझी द्यायलेय."

तिची किडनी तुझ्यात पहिल्याच दिवशी चालू झाली. डॉक्टरांनी दोन नियम घालून दिले. सकाळी आठ आणि रात्री आठ, गोळीची वेळ चुकवायची नाही, नाही तर शरीर परकी किडनी ओळखून तिच्यावर उलटतं. आणि रोज सकाळी वजन करायचं. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, ते पाणी. किडनी काम टाकते आहे असं समजून तडक निघून यायचं. तू वजनकाटा घेतलास, खाटेखाली ठेवलास आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज वजन लिहायला लागलास. चौपन्न, चौपन्न, साडेत्रेपन्न, चौपन्न. तुझं कॅलेंडर इतकं कंटाळवाणं होतं की बघून बरं वाटायचं.

तू पुन्हा पळणार म्हणालास तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं.

"ती किडनी तुला जगायला दिलीय, पळायला नाही," मी म्हणालो.

"बसून राहायला दिली का मंग?"

"पडलास म्हणजे?"

"सर, तुमी पुस्तकं वाचून वाचून लई भित्रे झाले."

तुझ्या डॉक्टरांनी तुझीच बाजू घेतली. अवयव बदललेल्या लोकांच्या शर्यती मुंबईत होतात, हेही त्यांनीच तुला सांगितलं. सोबत कोणीतरी हवं म्हणून मी आलो. दुसऱ्यांदाही आलो, आणि ते दुसरं वर्ष मी विसरणार नाही.

पंधराशे मीटरला पाच जण होते. एकाचं यकृत दुसऱ्याचं, बाकी चौघांच्या किडन्या आईच्या, भावाच्या, बायकोच्या, आणि तुझी अक्काची. सकाळचे आठ वाजले आणि पाचही घड्याळं मागेपुढे पिकपिकली. पाच माणसांनी पाच खिशांतून पाकिटं काढली, कागद फाडले, आणि त्या गोळ्यांचा तो उग्र, कुजकट वास मैदानभर पसरला. तुम्ही एकमेकांकडे बघून हसलात. नागपूरचा तो बँकेतला कारकून म्हणाला, "घरी बायको म्हणते, बाहेर जाऊन घ्या." मग शर्यत झाली. तू दुसरा आलास. यकृतवाला पहिला. एका डॉक्टरीणबाईंनी आधी तुझी नाडी बघितली, पाणी पाजलं, शेवटच्या फेरीत उगीच जोर काढल्याबद्दल झापलं, आणि मग प्लास्टिकच्या टेबलावरचं पदक उचलून गळ्यात घातलं. भाषण नाही, हार नाही, दीप नाही. बिनभाषणाचा समारंभ मी जन्मात तेवढा एकच पाहिला. तिथं मला तुझा अभिमान वाटला होता. तुला सांगितलं नाही. म्हणालो, "पाचात दुसरा म्हणजे काही फार नाही." आता सांगून उपयोग नाही, पण सांगतो.

पाचात दुसरा आलेला तू हिंगोलीला पोचेपर्यंत विश्वविजेता झाला होतास. बातमी कोणी दिली ते मला माहीत आहे. ती देणारा माणूस मुंबईला कधी गेलेला नव्हता. जिल्हा नुकता वेगळा झालेला, आणि नव्या जिल्ह्याला सत्कारासाठी माणसं कमी पडत होती. त्यात हाती लागलेला विश्वविजेता कोण सोडतो? नऊ दिवस त्यांनी तुला जीपमध्ये घालून फिरवलं. वसमत, कळमनुरी, नरसी, औंढा, जिथं मंडप आणि माईक होता तिथं. शाली इतक्या जमल्या की तू त्या शाळेच्या शिपायांना वाटल्यास. नारळांची चटणी खाऊन सगळ्या शिक्षकांचे घसे बसले. ओळखपाळख नसलेली शंभर माणसं आपल्या हातानं तुझ्या तोंडात पेढा कोंबायची. डॉक्टरांनी गर्दीत तोंडाला पट्टी बांधायला सांगितली होती. फोटोवाला म्हणाला, "सर, ते फडकं काढा, चेहरा दिसून नाही राहिला," आणि तू काढलीस.

मी बोललोच तुला. म्हणालो, "हे लोक तुझा सत्कार करत नाहीत. तुझ्या निमित्तानं स्वतःचा करून घेतात. दुपारी तीनचा पाहुणा सात वाजता येतो, आणि तोवर तू उन्हात शोभेची कुंडी होऊन बसतोस. नाही म्हण."

तू म्हणालास, "सर, आमच्या घरातल्या माणसाला ह्या लोकांनी खुर्ची कवा दिली व्हती का? आता देऊन राहिले तर बसू द्या थोडं."

हे मला पटलं. अजूनही पटतं. पण खुर्ची मिळाली म्हणून माणसानं तिथं मरेपर्यंत बसावं का, हा माझा प्रश्न होता.

कारण रात्रीचे आठ वाजायचे ते तू त्या खुर्चीवर असताना. घड्याळ पिकपिकायचं आणि तू ते मनगटावर दाबून गप्प करायचास. प्रमुख पाहुणे बोलत असताना मंचावरून उठायचं नाही, ही आपली रीत. आणि गोळी तिथंच घ्यावी तर तो वास! शेजारी आमदार, पलीकडे कुणी सभापती, समोर बायाबापड्या. "सर, कुजल्यासारखा वास येतो तो. साहेबांच्या शेजारी बसून कसं फाडावं पाकीट?" तू मला नंतर सांगितलंस. मैदानावर जो वास घेऊन तू हसला होतास, त्याची मंचावर तुला लाज वाटली. सुरुवातीला आठची गोळी अकराला गेली. मग जेवणावळीत विसरली. मग एके रात्री तू जीपमध्येच झोपलास. आणि वजनकाटा घरी खाटेखाली, नऊ दिवस एकटा.

दहाव्या दिवशी आमच्या अध्यक्षांचा मान. बाकीच्यांनी शाली दिल्या, म्हणून त्यांनी तुझी केळीतुला करायची काढली. पेढे का नाहीत, वह्या का नाहीत? कारण केळी अध्यक्षांच्या बागेतली आणि त्या आठवड्यात व्यापारी ती फुकट न्यायलाही तयार नव्हते. किडनीच्या माणसाला केळं जपून खायचं असतं, निदान ते तरी नको, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "सर, त्याला खायला कोण सांगून राहिलंय? तोलायचं हाय."

मानपत्र मी लिहिलं. होय, मीच. शाळेत मराठी मला येतं असा समज होता आणि नाही म्हणण्याचा सल्ला मी फक्त तुला देत असे. त्यात अक्कावर एक वाक्य लिहिलं होतं, की बहिणीनं दिलेल्या मूत्रपिंडाच्या बळावर हा धावला. अध्यक्षांनी पेन उघडलं. "मूत्र शब्द मंचावर बरा दिसत नाही. बायका राहतात." मी म्हणालो, किडनी लिहू. "ते इंग्रजी झालं." वाक्य गेलं. बाकीची सगळी विशेषणं त्यांनी ठेवली.

मोंढ्यातला हळद तोलायचा मोठा काटा आणला. गफूरचाचा मापाडी, उभा जन्म वजनं करण्यात गेलेला माणूस. त्यांनी मला आदल्या दिवशी विचारलं, "मास्टर का वजन कितना?" मी तुझ्या कॅलेंडरावरून सांगितलं, चौपन्न. सकाळीच त्यांनी चौपन्न किलो केळी तोलून घडांचा ढीग वेगळा करून ठेवला, म्हणजे ऐन वेळी पारडं झोकात वर येईल.

तू फेटा बांधून पारड्यात बसलास. बँड वाजला. समोरच्या पारड्यात केळीचे घड पडत गेले. सगळे संपले. तुझं पारडं जमिनीला चिकटून.

गफूरचाचांनी काट्याची दांडी धरून बघितली. मग हळूच मला म्हणाले, "सर, सकाळी बराबर तोलून ठेवले मी. चौपन्न म्हंजे चौपन्न. तुमी वजन चुकीचं सांगितलं का?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू तुझ्या पायांकडे बघत होतास. चपलेचा पट्टा मांसात रुतून त्याच्या दोन्ही बाजूंनी पाऊल वर आलं होतं.

माईकवरच्या माणसाला मात्र सुवर्णसंधी दिसली. "केळी कमी पडली! केळी कमी पडली, पण आपला वाघ कमी पडला नाही! वजनदार माणूस आहे, टाळ्या!" टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्षांनी आणखी एक फणी टाकायला लावली. नाही हललं. नारळ टाकले. हलेना. शेवटी त्यांनी गळ्यातला हार काढून झोकदारपणे पारड्यात टाकला, आणि कुणीतरी मागून आणखी एक फणी रेटली, तेव्हा कुठं तू जमिनीपासून चार बोटं उचललास. लोकांनी शिट्ट्या मारल्या. काट्यावर माणसाचं मरण दाखवलं जात होतं आणि अख्खा गाव त्याला सलामी देत होता. बायकांच्या रांगेत अक्का शेजारणीला सांगत होती, "बघा ना, कसा अंगानं भरला माझा भाऊ. हाडं दिसायची पहिले."

मी पारड्याजवळ येऊन म्हणालो, "मिलिंद, उतर. गाडी काढतो." आणि तू, मुंबईच्या मैदानात दुसरा आलेला तू, कुजबुजलास, "साहेबांचं भाषण होऊ द्या सर. मधीच उठलं तर बरं दिसत न्हाई." अध्यक्ष पन्नास मिनिटं बोलले. पन्नास मिनिटं तू त्या पारड्यात हवेत बसून राहिलास. मी अनेक मूर्ख माणसं पाहिली. शिकवलीसुद्धा. पण त्या पन्नास मिनिटांत मला तुझा जो राग आला, तो आजही गेलेला नाही. मीही तिथंच उभा होतो, हातात माझंच मानपत्र घेऊन. तुला ओढून खाली उतरवलं नाही.

पुण्याला डॉक्टरांनी एकच विचारलं, "किती गोळ्या चुकल्या?" तू बोटं वर केलीस. एका हाताची पुरली नाहीत. त्यांनी इंजेक्शनं दिली आणि किडनी थोडी सावरली, दोन वर्षं रखडत चालली, मग बंद पडली. त्यानंतर शेवटपर्यंत तू आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसच्या मशीनवर जाऊन पडत होतास. ज्या लोकांनी तुला नऊ दिवस फिरवलं, त्यांच्यातल्या एकाचीही जीप नांदेडच्या रस्त्याला कधी दिसली नाही. आपण लाल डब्यानं जात होतो.

किडनी बंद पडली तेव्हा दवाखान्यात डॉक्टर अक्काला म्हणाले होते की शरीरानं ती नाकारली. तिनं त्याचा तिच्या परीनं अर्थ लावला. नाकारतात कशाला? मालात खोट असते म्हणून. बाहेर बाकावर बसून ती मला म्हणाली, "सर, गरिबीचं अंग हाय. ज्वारीच्या कण्यावर वाढलेलं. त्या किडनीत जोर कुठून यावा? मोठ्या घरच्याची लागली असती तर टिकली असती." मी तुझ्याकडे आलो. तू पलंगावरून माझा हात धरलास. "तिला सांगू नका सर. भाषणापायी घालवली म्हणून कळलं तर काय तोंड दाखवू?" मी कबूल झालो. तुझी दया आली म्हणून नव्हे. सांगायला गेलो तर मानपत्र कोणी लिहिलं आणि काट्याजवळ गप्प कोण राहिलं, हेही सांगावं लागलं असतं.

तू तिला दुःखापासून वाचवतोयस असं म्हणायचास. मी म्हणायचो, तू तुझं तोंड वाचवतोयस आणि तिच्या माथी खोट मारतोयस. तू भिंतीकडे वळून झोपायचास. दर राखीपौर्णिमेला ती तुझ्या पायांवरची सूज चेपत बसायची आणि म्हणायची, "माझंच मेलीचं नासकं निघालं." तू ऐकून घ्यायचास, मिलिंद. पाच वर्षं ऐकून घेतलंस.

काल सभा संपली तेव्हा अध्यक्षांनी दोन घोषणा केल्या. दर वर्षी तुझ्या नावानं दौड. आणि पहिल्या दौडीत अक्काचा साडीचोळी देऊन जाहीर सत्कार. मला म्हणाले, "सर, मानपत्र तुमीच लिवायचं." आता त्यांना किडनी शब्द चालतो. मेलेल्याच्या बाबतीत भाषा सैल होते.

अक्काला बसस्टँडवर सोडायला मी गेलो. हट्ट्याच्या गाडीला वेळ होता. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "सर, त्यो सत्कार रद्द करा. खोटा माल देऊन साडी घ्यायची लाज वाटते."

मी शब्द मोडला. सगळं सांगितलं. घड्याळ, वास, चुकलेल्या गोळ्या, केळी, चपलेचा पट्टा, भाषण संपेपर्यंत तुझं बसून राहणं, माझं उभं राहणं, मानपत्र, आणि तू घेतलेलं वचन. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. मला वाटलं रडेल. तू तेच म्हणायचास, की मोडून पडेल.

ती भडकली. "एक गोळी खायची लाज? नवरदेव व्हता का त्यो? आन् वास येतो म्हने! आमी शेणात हात घालून ह्याला शिकवला, तवा न्हाई आला वास?" शेजारचा पानवाला वळून बघायला लागला. "गाढवा," ती तुला म्हणाली, मोठ्यानं, तू समोर असल्यासारखी. "गाढवा, मला सांगायचं तरी." मग माझ्याकडे वळली. "आन् तुमी? शिकलेले ना तुमी?"

मी तिची पिशवी उचलून घेतली.

गाडी लागली. ती उठली, पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण आवाज वेगळा झाला.

"म्हंजे माझी चांगली व्हती."

"चांगली होती अक्का. डॉक्टर म्हणायचे, इतकी चांगली लागलेली त्यांनी क्वचित पाहिली."

"शर्यतीत पळाली?"

"पंधराशे मीटर. दुसरी आली."

"मंग हे लिवा," ती म्हणाली. "साडी नगं मला. हे लिवा, आन् त्याच्या नावाला गोड करू नका, तुमच्याबी नगं."

म्हणून हे लिहिलं. तुझ्या अक्काची किडनी चांगली होती. ती तुझ्यामुळे गेली, आणि आम्हा टाळ्या वाजवणाऱ्यांमुळे.